गाजर गवत: पुण्याच्या उकिरड्यावर सुरू झालेली गोष्ट

हा भाग तुम्ही बसमध्ये ऐकत असाल किंवा टेकडी चढताना ऐकत असाल, तर एक काम करा. रस्त्याच्या कडेला, पडीक प्लॉटवर, रेल्वेच्या रुळांशेजारी जरा नजर टाका. गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं आणि वर पांढऱ्या बारीक फुलांचा चुरा सांडल्यासारखा दिसतोय? तेच ते. गाजर गवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. नावात गवत असलं तरी हे गवत नाही बरं का, ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली आहे.

तुम्ही ती लहानपणापासून बघत आलात, मीही बघत आलो. त्यामुळे ती कायम इथंच होती असं वाटतं. पण भारतातल्या तिच्या अधिकृत नोंदीला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत, आणि ती नोंद झाली आपल्या पुण्यात. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो. माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पुण्यात माळीकाम करायचे. बंगल्यांच्या बागा, शाळेचं मैदान, मिळेल ते काम. सत्तरच्या दशकात कधीतरी पावसाळा सरला की त्यांच्या पापण्या सुजायला लागल्या. मान काळवंडायची, कोपराच्या आत खाजून खाजून पाणी सुटायचं. आधी घरच्यांना वाटलं, साबण बदलला म्हणून. मग वाटलं, काहीतरी खाण्यात आलं. कुणी सांगितलं वांगं बंद करा, कुणी सांगितलं अंगारा लावा. दोन-तीन वर्षं असंच चाललं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" अण्णा म्हणाले, "माळी." डॉक्टर म्हणाले, "मग गाजर गवत उपटणं बंद करा." आता माळ्याला गवत उपटू नका म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. अण्णांनी पुढे रात्रपाळीचं वॉचमनचं काम धरलं. बागेतलं काम त्यांना आवडायचं, वॉचमनचं कधीच आवडलं नाही.

बरं, आता मूळ गोष्ट.

1955 साल. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेची नव्यानं बांधणी चालली होती आणि डिसेंबरमध्ये तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात सुरू झालं. आजही कोरेगाव रस्त्यावर त्यांचं कार्यालय आहे. याच काळात तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना पुण्यात एक अनोळखी झाड दिसलं. त्यांनी ते ओळखलं आणि 1956 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये टिपण छापलं: भारतासाठी नवी नोंद. त्याआधी, 1951 च्या सुमाराला, पुण्यातल्याच प्रा. परांजपे यांनी उकिरड्यांवर याची तुरळक झाडं पाहिली होती, असा उल्लेखही तणांवरच्या लेखनात वारंवार येतो.

तेव्हाच्या कुणाला वाटलंही नसेल की ही चार-दोन झाडं पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत देशभर पसरतील.

इथं आपण सगळ्यांनी ऐकलेली एक कथा येते. "अमेरिकेनं पीएल 480 चा सडका गहू पाठवला, त्यातून हे बी आलं." आमच्या घरात ही कथा अण्णाच सांगायचे, आणि रागानं सांगायचे. रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेला तो लाल मिलो, त्याच्या भाकरीची चव, सगळं त्यात यायचं. मीही ही कथा कॉलेजात असताना छातीठोकपणे सांगितलेली आहे. पण तारखा समोर ठेवल्या आणि मी जरा थबकलो.

पीएल 480 हा अमेरिकेचा कायदा 1954 च्या जुलैचा. भारताशी या कायद्याखाली पहिला करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये. आणि गाजर गवत पुण्यात दिसलं 1955 मध्ये, कदाचित त्याहूनही आधी. म्हणजे करारावर सही व्हायच्या आधीच आरोपी इथं हजर होता!

मग अमेरिकन गहू निर्दोष सुटला का? तसंही नाही. 1951 मध्ये अमेरिकेनं भारताला वीस लाख टन धान्यासाठी कर्ज देण्याचा वेगळा कायदा केला होता, आणि ते धान्य लगेच यायलाही लागलं होतं. त्यात बी आलं असणं शक्य आहे. पुढे पीएल 480 ची जहाजं सुरू झाली, 1966 च्या दुष्काळी वर्षात तर आयात एक कोटी टनांच्या आसपास गेली, तेव्हा बंदर, वॅगन, गोदाम, रेशन दुकान या वाटेनं बियांचे नवे हप्ते येत राहिले असतील, हेही पटण्यासारखं आहे. फक्त "पीएल 480 मुळे आलं" हे वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

आणखी एक गंमत. 1970 च्या दशकात काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी जुनी कपाटं उघडली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत 1880 सालचा एक वाळवलेला नमुना सापडला, डिट्रिच ब्रँडिस यांच्या नावावरचा. ब्रँडिस म्हणजे भारताचे पहिले वन महानिरीक्षक. शिवाय विल्यम रॉक्सबर्ग यांच्या 1814 च्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस' या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या यादीतही हे नाव असल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं. म्हणजे पाहुणा दीडशे वर्षं आधी एकदा येऊन गेला होता, बहुधा बागेतलं एक झाड म्हणून. पण तेव्हा तो पसरला नाही. माझं मत विचाराल तर येणं आणि पसरणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि आपण नेहमी फक्त येण्यावर भांडतो.

जाता जाता, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्येही याची पहिली नोंद 1955 चीच आहे. तिथं लोक दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानांच्या सामानाला दोष देतात. प्रत्येक देशाची आपापली पीएल 480.

काँग्रेस गवत हे नाव का, याची दोन उत्तरं मिळतात. एक, पांढरी फुलं गांधी टोप्यांसारखी दिसतात. दुसरं, काँग्रेसच्या राज्यात आलं. कुठलं खरं ते तुम्ही घरातल्या मोठ्यांना विचारा, उत्तरावरून त्यांचं मतदान कळेल.

आता ते पसरलं कसं? बिया हे पहिलं कारण. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात. त्या इतक्या हलक्या की वाऱ्यानं, पाण्यानं, चपलेच्या चिखलानं, मुरुमाच्या ट्रकनं कुठंही जातात. उगवल्यापासून महिन्याभरात फुलं. वर्षातून तीन-चार पिढ्या. जनावरं तोंड लावत नाहीत, आणि चाऱ्यात मिसळून पोटात गेलंच तर दूध कडवट होतं. शिवाय हे मेक्सिकोच्या आखाताभोवतालचं झाड, त्याला खाणारे किडे तिकडेच राहिले.

पण एवढ्यावर भागत नाही. हे झाड शेजाऱ्यांवर विषप्रयोग करतं. खरंच.

वनस्पतींनी रसायनं सोडून एकमेकांवर परिणाम करण्याला अ‍ॅलिलोपथी म्हणतात. 1937 मध्ये हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं हा शब्द घडवला. (हे मोलिशसाहेब 1928-29 मध्ये कलकत्त्याला जगदीशचंद्र बोसांच्या संस्थेत राहून गेले होते आणि भारतावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.) कल्पना मात्र फार जुनी आहे. अक्रोडाच्या सावलीत काही वाढत नाही, हे रोमन काळातल्या प्लिनीनंही लिहून ठेवलंय.

गाजर गवताच्या या विषाचा नीट माग काढला बंगळुरूच्या संशोधकांनी. 1979 आणि 1980 मध्ये कांचन आणि जयचंद्र यांनी ओळीनं शोधनिबंध छापले आणि एकेक वाट दाखवली. मुळं जमिनीत रसायनं सोडतात. पाऊस पानांवरून ओघळतो तेव्हा रसायनं धुऊन खाली आणतो. झाड मेलं की कुजणाऱ्या पाल्यातूनही ती मातीत उतरतात. यात पार्थेनिन नावाचं मुख्य द्रव्य आहे आणि सोबत कॅफेइक, फेरुलिक, व्हॅनिलिक अशी आम्लं. पार्थेनिनची रचना रसायनशास्त्रज्ञांनी 1962 मध्येच उलगडली होती. पानांवरच्या अगदी बारीक लवेत ते भरलेलं असतं.

यातली मला सगळ्यात थक्क करणारी वाट परागकणांची. गाजर गवताचे पराग उडून टोमॅटो, मिरची, वांगं यांच्या फुलांवर बसतात आणि त्यांची फळधारणा घटवतात. पानांवर साचले तर पानातलं हरितद्रव्य कमी होतं. म्हणजे शेजारच्याच्या मुळाशी जायचीही गरज नाही, हवेतूनच काम.

यावर विश्वास बसेना म्हणून मी घरी एक उद्योग केला. हातमोजे घालून मूठभर पानं आणली, एक दिवस पाण्यात भिजवली आणि गाळली. दोन बशांत ओला टिश्यू पेपर, त्यावर मेथीचे दाणे. एका बशीला साधं पाणी, दुसरीला ते हिरवट पाणी. चौथ्या दिवशी साध्या पाण्यातल्या मेथीला चांगली बोटभर मुळं. दुसऱ्या बशीत निम्मे दाणे उघडलेच नव्हते, जे उघडले त्यांची मुळं आखूड आणि टोकाला तपकिरी. बायको म्हणाली, "ती बशी आता परत ओट्यावर ठेवू नकोस." मी ती बागकामाच्या सामानात टाकून दिली.

पण थांबा. बशीत झालं म्हणजे शेतात तसंच होतं, असं नाही. मातीत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि पार्थेनिन त्यांच्या तावडीत सापडलं की काही दिवसांत विघटित होतं, हे पुढे जर्मनीतल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. मग एवढ्या मोठ्या मैदानावर फक्त विषाच्या जोरावर कब्जा होतो का? प्रश्न रास्त आहे. या विषयात शास्त्रज्ञांनी स्वतःचे हातही पोळून घेतलेत. रॅगन कॅलवे यांच्यासारख्या अमेरिकन संशोधकांनी 2000 च्या सुमाराला एक कल्पना मांडली: परदेशी झाडाचं रसायन त्याच्या मूळ गावी जुनं झालेलं असतं, तिथल्या शेजाऱ्यांना त्याची सवय असते. नव्या देशात ते नवं हत्यार ठरतं, कारण इथल्या झाडांनी ते कधी पाहिलेलंच नसतं. कल्पना आकर्षक आहे आणि मला पटते. पण अशाच एका तणावरचा 2003 चा गाजलेला शोधनिबंध 2010 मध्ये मागे घ्यावा लागला. तेव्हा विष आहे, ते काम करतं, पण बियांचा पूर, वाढीचा वेग आणि मोकळी पडलेली जमीन यांच्या जोडीनं करतं, इतकं म्हणणं प्रामाणिक ठरेल.

मोकळी पडलेली जमीन हा शब्द जरा लक्षात ठेवा. दाट गवत असलेल्या जुन्या कुरणात गाजर गवत सहसा घुसत नाही. खणलेलं, उकरलेलं, अर्धवट सोडलेलं रान त्याला आवडतं. पन्नासच्या दशकानंतरचं पुणं म्हणजे असंच शहर होतं. नवे कारखाने, नव्या वसाहती, चर खणलेले रस्ते. गेल्या सत्तर वर्षांत ते खणणं एक दिवस थांबलंय का?

आता परत त्वचेकडे. साठच्या दशकात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे शेतमजूर, माळी, बांधकामावरचे लोक चेहरा आणि मान सुजलेल्या अवस्थेत येऊ लागले. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी हे प्रकरण लावून धरलं. 1974 मध्ये मिचेल आणि कॅलनन या परदेशी त्वचारोगतज्ज्ञांबरोबर त्यांनी लंडनच्या नियतकालिकात यावर निबंध प्रसिद्ध केला. या आजारानं पुण्यात माणसं दगावल्याचंही वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. नुसत्या खाजेनं नव्हे, पूर्ण अंग सोलवटून निघाल्यावर.

आणि यामागचं द्रव्य कुठलं? तेच. पार्थेनिन. मेथीचं मूळ आखूड करणारा आणि अण्णांच्या पापण्या सुजवणारा रेणू एकच आहे. या रेणूला एका टोकाला आकडा असावा अशी रचना असते. तो आकडा प्रथिनांमधल्या गंधकाच्या जागी अडकतो. रोपाच्या पेशीत अडकला की वाढीचं काम बिघडतं. माणसाच्या त्वचेत अडकला की शरीर आपल्याच प्रथिनाला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतं. ही अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. शरीर आधी शिकतं, मग कधीतरी, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, सुरू होते. आणि सुरू झाल्यावरही स्पर्शानंतर दिवस-दोन दिवसांनी चट्टे उठतात. म्हणून तर अण्णांना कारण सापडेना. वाळलेल्या झाडाची धूळ हवेत असते, त्यामुळे हात लावला नाही तरी उघड्या चेहऱ्यावर बसतेच.

सरकारनं काय केलं? कर्नाटकनं 1975 मध्ये कायद्यानं याला घातक तण ठरवलं. पुढे बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेनं मेक्सिकोहून एक भुंगा आणला, झायगोग्रामा बायकोलोराटा. 1983 मध्ये आणला, तपासला आणि 1984 मध्ये सोडला. पिवळसर पाठीवर काळ्या रेघा. दिसायला देखणा आहे, पावसाळ्यात तुम्हाला गाजर गवतावर सहज सापडेल. अळ्या आणि भुंगे मिळून झाडाची चाळण करतात.

पण 1991 च्या सुमाराला हेच भुंगे सूर्यफुलाच्या शेतात दिसले आणि मोठा गहजब झाला. तणाला मारायला आणलेला पाहुणा पीकच खाणार? केंद्र सरकारनं चौकशी समिती नेमली. निष्कर्ष असा की भुंगा सूर्यफुलावर पिढी वाढवू शकत नाही. मग खाल्लं कशाला? तर सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे पराग पडले होते, आणि त्यांच्या चवीनं भुंगा फसला होता. परत ते परागच.

भुंग्याची अडचण दुसरी आहे. पाऊस संपला की तो जमिनीत जाऊन झोपतो. गाजर गवत मात्र हिवाळ्यातही, पाणी मिळेल तिथं उगवतच राहतं.

दुसरा एक उपाय विषावर विष. सेन्ना युनिफ्लोरा नावाची टाकळ्याची एक नातेवाईक आहे. पिवळ्या फुलांची, दाट वाढणारी, आपल्या टेकड्यांवर भरपूर आहे. तिच्या सडणाऱ्या पाल्यातली द्रव्यं गाजर गवताचं बी उगवू देत नाहीत. काही ठिकाणी तिनं त्याला खरोखर हटवलंय. फक्त तीही अमेरिका खंडातूनच आलेली आहे, आणि ती पसरली की तिच्याखाली दुसरं फार काही वाढत नाही. वेताळ टेकडीवर ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्पाचीही अशीच तक्रार आहे. वन खात्यानंच हिरवळीसाठी लावलेलं हे झाड. त्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात यावरून काय ते समजा. एकाला घालवायला दुसऱ्याला बोलवायचं, मग दुसऱ्याला घालवायला तिसऱ्याला. माझ्या मते यापेक्षा फुलं यायच्या आधी उपटणं हाच खरा उपाय. तेव्हाच उपटून खड्ड्यात नीट कुजवलं तर चांगलं खतही होतं.

पण उपटणार कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या भिंतीबाहेर तीन बायका गाजर गवत उपटत होत्या. एका ठेकेदाराकडच्या. उघड्या हातांनी. गवताला फुलं पूर्ण आलेली, साड्यांवर पांढरा चुरा. मी खाली जाऊन विचारलं, "मावशी, हातमोजे दिले नाहीत का?"

"दिले व्हते ओ," त्यातल्या वयस्कर मावशी म्हणाल्या. "दोन दिसांत फाटले. परत मागितले तर म्हनला, पुढच्या महिन्यात."

"अंगाला खाज येते का याची?"

त्या हसल्या. पदर जरा बाजूला करून त्यांनी मान दाखवली. कानाच्या खालपासून गळ्यापर्यंत कातडी जाड, काळी, तडकलेली. अगदी अण्णांसारखी.

"हे उन्हानं झालंय," मावशी म्हणाल्या. "उन्हाचं काम हाय ना आमचं."

मी त्यांना सांगितलं की हे उन्हानं नाही, या गवतानं झालंय, डॉक्टरला दाखवा, निदान पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं असू द्या. त्यांनी ऐकून घेतलं. बाजूची तरुण बाई मात्र हातातलं झाड टाकून माझ्याकडे बघत राहिली. तिनं विचारलं, "मग दादा, ह्ये कामच सोडायचं का?"

मी वर घरी गेलो, बागकामाच्या सामानातून माझे हातमोजे आणले आणि घरात होते तेवढे जुने दोन जोड. तिघींना तीन जोड झाले. खाली आलो तेव्हा त्यांनी भिंतीच्या त्या टोकापर्यंत उपटून काढलं होतं, आणि ढीग तिथंच, फुटपाथच्या कडेला, सुकायला टाकला होता.